गुप्त मतदान आणि गावाचे उघडे गुपित

निवडणुकीचा निकाल लागला की 'लोक मेंढरांसारखे गेले' असे म्हणून मोकळे होण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय जडली आहे. शिरूर व दौंड तालुक्यांचा अनुभव मात्र निराळे सांगतो. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली आणि पुणे जिल्ह्यातील तिचे बहुतेक आमदार सत्तेच्या बाजूस गेले. तरीही मे २०२४ च्या लोकसभा मतदानात शिरूर विधानसभा क्षेत्रात अमोल कोल्हे यांना आणि दौंडमध्ये सुप्रिया सुळे यांना आघाडी मिळाली. नोव्हेंबरात त्याच मतदारांनी विधानसभेसाठी सत्तापक्षांचे ज्ञानेश्वर कटके व राहुल कुल यांना निवडले. पुढारी वळले म्हणून मतदार वळला, असे म्हणण्यास येथे आधार नाही.

मग गावात उघडपणे दिसणारे एकमत कोठून येते? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखण्याचे साधे काम दिले होते. इतरांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे जात. परंतु एकाने जरी खरे सांगितले, किंवा उत्तर खासगीत लिहून देता आले, की हे प्रमाण बरेच घटे. म्हणजे माणसाची दृष्टी शाबूत असते. दबते ती वाणी.

आपणास पुरेशी माहिती नसता इतरांचे पाहून वागणे तर्कसंगत असू शकते, हे अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये दाखविले. ग्रामीण भागात त्यात परावलंबनाची भर पडते. उसाची तोड, सोसायटीचे कर्ज, कालव्याचे आवर्तन ज्यांच्या शब्दावर अवलंबून, त्यांच्या सभेस गैरहजर राहणे शेतकऱ्यास परवडत नाही. अज्ञानातून आलेल्या अनुकरणावर चर्चा हा उपाय आहे. भयातून आलेल्या अनुकरणावर गुप्तता हाच.

पण ही गुप्तता अपुरी आहे. व्यक्तीचे मत झाकलेले राहते, गावाचे राहत नाही. कारण मतांचे आकडे केंद्रनिहाय जाहीर होतात. ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात दौंड मोडतो, तेथेच २०१४ मध्ये मासाळवाडीच्या ग्रामस्थांना मते न दिल्यास पाणी तोडण्याची धमकी दिल्याचा आरोप झाला. तो नाकारण्यातही आला. आरोपाचे सत्यासत्य काहीही असो, गावाचा कौल ओळखता येतो म्हणूनच अशी धमकी संभवते. मतपत्रिकांच्या काळात, आयोगास आवश्यक वाटल्यास, निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती. मतदान यंत्रांसाठी अनेक केंद्रांची एकत्रित बेरीज देणारे 'टोटलायझर' निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्यास पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला.

केंद्रनिहाय आकड्यांमुळे मतमोजणीतील गैरप्रकार पकडता येतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पडताळणीसाठी ते आकडे सुरक्षित ठेवणे आणि ते चावडीवर वाचले जाणे यांत अंतर आहे. जनतेला कळप म्हणून हिणविण्यापूर्वी तिच्याभोवतीचे कुंपण काढण्याची सिद्धता राज्यकर्त्यांनी दाखवावी.