फुल रेंज, पण नेट कुठाय?

संध्याकाळी कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘अरे, रेंज फुल दाखवतंय, पण काही लोडच होत नाहीये!’ शहाड येईपर्यंत रीलवरचं चक्र गोलगोल फिरत राहतं, यूपीआयचं पेमेंट अडकतं आणि ‘पोचतेय पाच मिनिटांत’ हा मेसेज जायच्या आधी आपणच घरी पोचतो. फोनच्या कोपऱ्यात मात्र ऐटीत फाइव्ह-जी लिहिलेलं असतं. मग बिघडतं कुठे?

नवीन सिम घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो: फोर-जी की फाइव्ह-जी आणि रोज किती जीबी? गर्दीच्या वेळी, गर्दीच्या ठिकाणी स्पीड किती मिळणार, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

थोडं मागे जाऊ. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन लावला. त्याच वर्षी मुंबईतही मोबाइल आला. तेव्हा आलेला फोन उचलायचेसुद्धा पैसे पडायचे, ते २००३मध्ये बंद झाले. लायसन्सच्या नकाशात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोन्सचा भाग मिळून एक ‘मुंबई सर्कल’ होतं. त्यापलीकडे महाराष्ट्र सर्कल, म्हणजे रोमिंग. आपल्या पट्ट्यातल्या कुणाही काका-मावशींना विचारा, ‘रोमिंग लागेल, लवकर बोल’ हे वाक्य त्यांना पाठ असेल.

ते नेटवर्क बोलण्यासाठी बांधलेलं होतं. टू-जीमध्ये तुमचा कॉल चालू असेपर्यंत एक जागा तुमच्यासाठी राखून ठेवली जायची. एक्स्प्रेसमधलं रिझर्व्हेशनच म्हणा ना. तुम्ही गप्प बसलात तरी सीट तुमचीच. इंटरनेटला ही पद्धत परवडत नाही. म्हणून जीपीआरएस आलं आणि डेटा छोट्या छोट्या पाकिटांत जाऊ लागला. ज्याचं पाकीट येईल त्याला तेवढ्यापुरती जागा. थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जी याच वाटेने पुढे गेले. फोर-जीत तर साधा कॉलसुद्धा डेटा होऊनच जातो. थोडक्यात, एक्स्प्रेसची लोकल झाली. रिझर्व्हेशन नाही, चौथी सीट आहे, दारात लटकायची सोय आहे. माणसं खूप जास्त मावतात, पण गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला जागा कमी येते.

फुल रेंजचं कोडं इथेच सुटतं. रेंजच्या दांड्या फक्त टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय ते सांगतात. त्या टॉवरवर आणखी किती जण चढलेत, हे त्या सांगत नाहीत. खच्चून भरलेली लोकल स्टेशनात शिरते तेव्हा हजारो फोन एकदम एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातात. त्यात डब्याचा पत्रा सिग्नल अडवतो, तो वेगळाच. फाइव्ह-जीची जी मुख्य लहर आपल्याकडे वापरतात, ती ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची. तिच्यात डेटा भरपूर मावतो, पण ती जुन्या ९०० मेगाहर्ट्झसारखी लांब जात नाही आणि भिंतीतून आत शिरतानाही दमते. म्हणजे फाइव्ह-जीला टॉवर जवळजवळ लागतात.

आता ‘ब्रॉडबँड’ या शब्दाकडे या. ही नुसती जाहिरातीतली फुशारकी नाही, याला सरकारी व्याख्या आहे. २००४च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस, २०१३मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३पासून २ एमबीपीएस. आता आपलं पॅक उघडून बारीक अक्षरं वाचा. दिवसाचा डेटा संपल्यावर बऱ्याच पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे २००४च्या व्याख्येच्याही पाव! तरी पॅकचं नाव ‘अनलिमिटेड’.

हे एवढं मनावर का घ्यायचं? कारण आपल्याकडे दुसरं काही नाही. २०१०मध्ये सरकारने खास वायरलेस ब्रॉडबँडसाठी लहरींचा लिलाव केला, त्यातून साधारण ३८,५०० कोटी रुपये आले. देशभरातल्या सगळ्या २२ सर्कलमध्ये लहरी मिळवणारी कंपनी एकच होती, ती लगेच रिलायन्सने घेतली. त्यातूनच ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, घणसोलीला त्यांचा मोठा कॅम्पस आहे. डेटा स्वस्त झाला, हे मान्यच करायला हवं. त्याआधी महिनाभर पुरवलेला एक जीबी आपण आता दुपारपर्यंत संपवतो. पण परिणाम असा की आज देशातल्या दर शंभर ब्रॉडबँड ग्राहकांपैकी नव्वदहून जास्त मोबाइलवरचे आहेत. शहाड, मोहने, आंबिवलीच्या चाळींत कितीतरी मुलांसाठी फोनचा हॉटस्पॉट हेच घरचं वाय-फाय. सीईटीचा फॉर्म त्यावरच, लेक्चर त्यावरच आणि इंटर्नशिपचा इंटरव्ह्यूही त्यावरच. ‘तुमचा आवाज तुटतोय’ असं समोरचा तिसऱ्यांदा म्हणाला की त्याच्या लेखी नेट नापास होत नाही, आपण होतो. वायरचं कनेक्शन घरी असलेल्या मुलाला ही भीतीच नसते.

मग करायचं काय? आधी आपल्या बाजूचं. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको आणि बेडरूममध्ये फाइव्ह-जी हवं, हे दोन्ही एकदम मिळत नाही. भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. मोजणीचा अहवाल जरूर मागा, पण ‘नकोच’ म्हणण्याआधी तो वाचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे बोलणारं कॉलेजातलं कुणी नसतंच. आपण जायला हवं.

दुसरं, कंपन्यांना विचारायचं. ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. पण नकाशावरचा रंग ‘इथे नेटवर्क आहे’ एवढंच सांगतो, संध्याकाळी सात वाजता ते किती चालतं हे नाही. तो आकडाही जाहीर करायला लावा, ही आपली मागणी असली पाहिजे. तोवर ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप वापरून स्पीड मोजता येतो आणि तो आकडा ट्रायकडे जातो. तक्रार केली तर नंबर घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मित्रांच्या ग्रुपवर टाकलेली शिवी कुठेच नोंदली जात नाही.

आणि तिसरं, कॉलेजांना. फीच्या पावतीवर जिमखाना असतो, लायब्ररी असते. त्याच लायब्ररीत वायरवर चालणारं, पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेलं आणि संध्याकाळी उशिरापर्यंत सुरू राहणारं वाय-फाय का नसावं? ज्याच्या घरात एकच फोन आणि त्यावर तीन भावंडं आहेत, त्याला इंटरव्ह्यूच्या दिवशी बसायला एक शांत कोपरा मिळेल. यंदा स्टुडंट कौन्सिलच्या निवेदनात फेस्टच्या बजेटच्या वर ही एक ओळ लिहा. सिक्स-जी येईल तेव्हा येईल, ही ओळ या टर्ममध्ये लिहिता येते.