आजीचे गोत्र कोणते?



अहमदाबादच्या दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंह मंदिराचे दर्शन आपल्यापैकी पुष्कळांनी घेतले असेल. श्री धर्मनाथ स्वामींचे हे बावन देवकुलिकांचे जिनालय शेठ हठीसिंह केसरीसिंह यांनी आरंभिले. १८४५ मध्ये ते निवर्तले. लाखो रुपयांचे ते कार्य १८४८ मध्ये तडीस नेले त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी. मंदिर मात्र पतीच्या नावाने ओळखले जाते, आणि वंशावळही पतीचीच सांगितली जाते.

शेठाणींच्या काळातील एखाद्या स्त्रीचे मूळ शोधावयाचे तर कोठे पाहावे? वहीवंचा बारोटांच्या वहीत सुनेच्या नावाशेजारी पुष्कळदा तिचा पिता व गाव नोंदविलेले असते. हस्तलिखित पोथीच्या पुष्पिकेत ‘अमुक श्राविकेच्या पठनार्थ’ असा उल्लेख आढळतो. धातुप्रतिमेच्या पाठीवरील लेखात माता, भार्या यांची नावे येतात.

मंदिर न बांधलेल्या, पोथी न लिहविलेल्या आपल्या पणज्यांचे दफ्तर मात्र घरातच होते. ओसवाल समाजात सोयरीक करताना चार गोत्रे टाळीत: स्वतःचे, आईचे, वडिलांच्या आईचे आणि आईच्या आईचे. चारांपैकी तीन गोत्रे स्त्रियांच्या माहेरची! सोयरिकीच्या धाकाने का होईना, ती घराघरांत तोंडपाठ असत. आज परिचयपत्रात स्वतःचे व मामाचे गोत्र विचारले की काम भागते. दोन्ही आज्या तेथेच गळाल्या. (बँकेत असताना आईचे माहेरचे आडनाव आम्ही अर्जात लिहवून घेत असू, आजीचे विचारण्याची आम्हांसही गरज पडली नाही.)

माझ्या पणजीचे गोत्र मला कळले ते एका मोडलेल्या सोयरिकीमुळे. आत्याबाईंना सांगून आलेले उत्तम स्थळ आजोबांनी परतविले, कारण वर बोथरा आणि आजोबांची आईही माहेरची बोथराच. आत्याबाई आता नव्वदीच्या आहेत. ती गोष्ट त्या अजूनही किंचित हळहळून सांगतात. गेल्या पर्युषणात मी वही-पेन घेऊनच त्यांच्यापाशी बसलो आणि पणजीच्या गावाचे नाव विचारले.

“गावाचे नाव ती कधी घेत नसे रे,” त्या म्हणाल्या, “मारवाडातल्या आमच्या विहिरीचे पाणी गोड होते, एवढेच म्हणे.”

मी तेवढे लिहून घेतले.