खाकी गणवेश आणि न्याय

राज्याच्या हाती दंड दिला आहे तो दुर्बळांच्या रक्षणासाठी, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. मानवी हक्कांचे रक्षण हे सत्तेचे मुख्य कर्तव्य होय, असे पोप तेविसावे योहान ह्यांनी १९६३ साली ‘पाचेम इन तेर्रिस’ ह्या परिपत्रकात प्रतिपादिले. बेळगाव-निपाणी भागाला आज लागू असलेला कर्नाटक पोलीस कायदाही त्याच सालाचा. तत्पूर्वी हा मुलूख मुंबई राज्याच्या पोलीस कायद्याखाली होता. राज्ये बदलली, परंतु १८५७ च्या उठावानंतर १८६१ साली इंग्रजांनी जो साचा घडविला, त्याची छाया सर्वत्र राहिली. त्या साच्यात पोलीस हा प्रजेचा सेवक नव्हता, तर सरकारचा हस्तक होता.

१९७७ साली केंद्राने धर्मवीर ह्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला व त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल सादर केले. त्याच १९८१ च्या एप्रिलात निपाणीच्या तंबाखू-आंदोलनात गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. अहवाल मात्र दप्तरातच राहिले. अखेर प्रकाश सिंह ह्यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात आदेश दिले. अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाल असावा, तपास व बंदोबस्त ही कामे निराळी करावीत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात व जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरणे असावीत, हे त्यांतील प्रमुख होत. कर्नाटकाने २०१२ साली व महाराष्ट्राने २०१४ साली आपापल्या कायद्यांत दुरुस्त्या केल्या. पोलीस हा राज्यांचा विषय असल्यामुळे प्रत्येक विधिमंडळाने स्वतःच्या सोयीने आदेशांचा अर्थ लावला, ही खेदाची गोष्ट होय.

तथापि कायद्याने जे दिले आहे, ते तरी आपण जाणतो काय? विडी वळणारी एखादी मराठी भगिनी ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिला दोन भये असतात: गणवेशाचे आणि भाषेचे. तिला कुणीतरी सांगावयास हवे की, राज्यात प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या ३५० व्या कलमाने तिला दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडला असो, नोंदवून घेतलीच पाहिजे. म्हणजे निपाणीच्या ठाण्याने कागलकडे व कागलने निपाणीकडे बोट दाखविण्याचे कारण उरलेले नाही. खबर वाचून दाखविणे व तिची प्रत विनामूल्य देणे हेही बंधनकारक आहे.

बाप्तिस्ता योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना चाकरी सोडावयास सांगितले नाही. जुलूम न करता मिळेल त्या वेतनात संतुष्ट राहावे, एवढाच उपदेश केला. गणवेशातील मनुष्यही देवाचेच लेकरू आहे. त्याच्यावर वरून अयोग्य दडपण येऊ नये म्हणूनही ह्या सुधारणा हव्यात. आमच्या वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात: मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास ह्या आदेशांविषयी प्रश्न विचारावा, आणि भ्यालेल्या शेजाऱ्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत जावे. दुसरी गोष्ट करावयास कोणत्याही विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही.