रूळ टाकणारांचे ऋण

७ नोव्हेंबर १८८५ रोजी कॅनडातील क्रेगेलाची येथे पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकण्यात आला. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. उंच टोपीतील प्रतिष्ठित गृहस्थ त्यात दिसतात. ज्यांनी ब्रिटिश कोलंबियातील कातळ सुरुंगांनी फोडून वाट काढली, ते चिनी मजूर मात्र त्यात नाहीत. १८८० पासून असे १५,००० हून अधिक मजूर तेथे राबले. गोऱ्यांहून मजुरी कमी, आणि शिधाही पदरचा! दरडी, स्फोट व रोगराई यांत निदान ६०० जण तरी दगावले, असे मानण्यात येते.

काम संपले, तशी त्यांची गरजही संपली. त्याच वर्षी कॅनडाच्या संसदेने देशात येणाऱ्या चिन्यांवर माणशी ५० डॉलरांची डोईपट्टी बसविली. १९०० साली ती १०० झाली व १९०३ साली ५००. म्हणजे मजुराची सुमारे दोन वर्षांची कमाई. एवढ्यानेही समाधान न होऊन १९२३ साली दारच लावून घेण्यात आले, ते १९४७ पर्यंत उघडले नाही. बायकामुले क्वांगतुंगमध्ये आणि कर्ता पुरुष व्हँकूवरच्या धोबीखान्यात, अशी हजारो घरे दुभंगली. गावी पैसे पोचत, बाप पोचत नसे.

२००६ साली पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली आणि हयात करदात्यांस किंवा त्यांच्या विधवांस २०,००० डॉलर देऊ केले. फार थोडे हयात होते, हे सांगावयास नकोच.

त्याच व्हँकूवर बंदरातून १९१४ साली 'कोमागाता मारू'वरील बहुतेक हिंदी प्रवाशांस परत पिटाळण्यात आले होते. त्याबद्दल २०१६ साली कॅनडाने क्षमा मागितली, तेव्हा आपणांस धन्यता वाटली. वाटावयासच हवी होती. परंतु आपल्या खात्याचे काय? आसामातील माकुमच्या चिनी वस्तीचे पूर्वज गेल्या शतकाच्याही आधी चहामळ्यांसाठी आणले गेले होते. तेथे संसार थाटून ते आसामी बोलू लागले होते. १९६२ च्या युद्धात त्यांच्यासह सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, मुलाबाळांसकट, चौकशीवाचून राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. जेथे इंग्रजांनी डांगे व जयप्रकाश यांस ठेविले, तीच ही देवळी! काही जण १९६७ पर्यंत तेथे होते. सुटून आले तो घरेदारे गेलेली.

युद्धकाळात सावधगिरी हवीच, हे आम्हांस मान्य आहे. पण पाळण्यातील मुलापासून देशाला कोणता धोका होता? दिल्लीने दिलगिरीचा एक अधिकृत शब्दही अद्याप उच्चारलेला नाही. तो संसदेत, सरकारच्या तोंडून, उच्चारला जावा अशी आमची मागणी आहे. या लोकांपैकी पुष्कळ कुटुंबे पुढे टोरोंटोत जाऊन स्थायिक झाली. ज्या देशाने एके काळी चिन्यांच्या डोक्यावर कर बसविला, तेथेच त्यांस थारा मिळाला. छावणीत गेलेली शाळकरी मुले आज सत्तरीच्या पुढे आहेत.