उंबऱ्याच्या आतली तार

मृग नक्षत्र लागले की शापोरा नदीकाठच्या चोपडे गावासारख्या ठिकाणी दूरध्वनीत खरखर सुरू होते आणि दोन-चार मोठ्या सरींनंतर तो मुकाच होतो. मुलगा मुंबईस, मुलगी आखातात. मागे राहिलेल्या वृद्धांनी तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहावयाची. आमच्या मते त्यांनी, अथवा शेजारच्या एखाद्या हुशार पोराने, निदान एक गोष्ट स्वतः ठरवावी. दोष उंबऱ्याच्या बाहेर आहे की आत?

हे ठरविण्यास विद्वत्ता लागत नाही. खांबावरून आलेली तांब्याच्या तारांची जोडी घरात ज्या पेटीत प्रथम शिरते, तेथून आतील तारा सोडवाव्यात व चालू असल्याची खात्री असलेले यंत्र तेथेच जोडावे. डायल टोन आला तर बाहेरची तार निर्दोष समजावी. मीटर असल्यास या जोडीवर सुमारे ४८ व्होल्ट दिसतात. रिसीव्हर उचलताच ते दहाच्या आसपास उतरतात. म्हणूनच माजघरातील दुसऱ्या यंत्राचा रिसीव्हर तिरका राहिला की साऱ्या घराचा दूरध्वनी बंद पडतो, आणि यजमान मात्र खात्याला शिव्या देत बसतात!

दोष आत निघालाच, तर पहिला संशय सांध्यांवर घ्यावा. जांभ्या दगडाच्या भिंतीतून ओल झिरपते, वारा खारा. नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारांवर हिरवा कळंक चढतो. पेटीत मुंग्या घर करतात, माळ्यावर उंदीर कुरतडतात. कळंकलेला तुकडा छाटावा, तांबे खरवडून उजळ करावे आणि स्क्रूखाली घट्ट आवळावे. मात्र घंटी वाजताना तारेतील दाब बराच चढतो व झटका बसतो. ओल्या हाताने, किंवा आभाळ गडगडत असता, तिला शिवू नये.

तारेशी छेडछाड हा १८८५ च्या तार कायद्याने गुन्हा होता. त्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. खांबावरील तार परक्याची, तिला हात लावू नये, हे आम्हासही मान्य आहे. परंतु स्वतःच्या भिंतीवरील सैल स्क्रूलाही लोकांनी बिचकावे, हे अति झाले.

काचतंतू आल्यावर ही विद्या निरुपयोगी ठरली, असे कोणी म्हणेल. तो काचतंतू घरी जोडता येत नाही, त्याच्या टोकात डोकावूही नये, हे खरे. पण त्याच्या पेटीपासून यंत्रापर्यंत तीच तांब्याची जोडी असते. शिवाय जुन्या तारेला वीज दूरध्वनी केंद्रातून मिळे, त्यामुळे घरातील दिवे गेले तरी बोलणे होई. नव्या पेटीला बॅटरी नसेल तर दिव्यांबरोबर तीही मालवते. पावसाळ्यात दिवे किती वेळा जातात हे पेडणेकरांना आम्ही काय सांगावे? दूरध्वनी खात्याने ही बॅटरी जोडणीबरोबरच द्यावी. आणि बाहेरची जोडी कोणती, आतली कोणती, हे पेटीवर ठळक मराठीत लिहावे. लाइनमनच्याही काही फेऱ्या त्याने वाचतील.