दरीतला गारठा आकड्यात येत नाही

हिवाळा लागला की आपल्या भागात रात्री-पहाटे दोन प्रकारची माणसं घराबाहेर दिसतात. एक म्हणजे रात्रीच्या लाइटीवर ज्वारी-हरभऱ्याला दारं धरणारा शेतकरी. दुसरी म्हणजे पाठीवर पिशवी आणि खांद्यावर दोर घेऊन बालाघाटात फिरायला आलेली शहरातली पोरं. पूर्वी सौताड्याला गर्दी व्हायची ती पावसाळ्यात, धबधबा जोरात असताना. आता धार बारीक झाल्यावरही माणसं येतात. कडा उतरायचा, दरीत मुक्काम करायचा, सकाळी फोटो काढून परत जायचं. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड–अहिल्यानगर रेल्वेही सुरू झाली आहे. येणं-जाणं वाढणारच, आणि त्यात गावाचं वाईट काही नाही. चहाच्या टपरीला दोन पैसे मिळतात.

अडचण वेगळी आहे. शेतकरी असो की हा पाहुणा, दोघंही मोबाईलवर एकच आकडा बघून घराबाहेर पडतात. तो आकडा म्हणजे बीडचं किमान तापमान, आणि दोघांपैकी एकाच्याही जागेला तो लागू पडत नाही.

आपण शाळेत शिकलो की उंचावर थंडी जास्त असते. शंभर मीटर चढलं की अर्धा-पाऊण अंश तापमान उतरतं, हे दिवसा बरोबर आहे. पण आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असेल तर हिवाळ्याच्या रात्री गणित उलटं होतं. जमीन दिवसभराची ऊब आभाळात सोडून देते, तिच्या लगतची हवा गार होते. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत ओढ्यात, नदीच्या खोऱ्यात आणि दरीत जाऊन साचते. म्हणून पहाटे माळावर बरं वाटतं आणि ओढ्याकाठच्या रानात उतरलं की दात वाजायला लागतात. जुनी माणसं खालच्या रानात खोपी बांधायचं टाळायची, ते काही उगाच नाही.

सौताड्याला विंचरणा नदी बालाघाटाचा कडा सोडून खाली पडते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. दोन्ही बाजूंना उभा काळा खडक. अशा दरीत सकाळचं ऊन उशिरा पोचतं आणि दुपार कलताच निघून जातं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो, पण दरीच्या तळाला सावली त्याच्या बरीच आधी पडते. वर पायऱ्यांपाशी उभ्या माणसाला अजून तासभर ऊन आहे असं वाटतं, खाली मात्र संध्याकाळ झालेली असते. त्यात डोहाचं पाणी, ओलावा आणि रात्री खडकावर धरणारं दव. शेवाळलेल्या खडकावर दव पडलं की चांगल्या बुटाचाही पाय निसटतो.

आता आकडा कुठून येतो ते बघू. २०१७ मध्ये महावेध प्रकल्प सुरू झाला आणि राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात या केंद्रांच्या नोंदीला महत्त्व आहे. काम चांगलं झालं. पण केंद्र नियमाप्रमाणे उघड्या, सपाट जागी बसवावं लागतं आणि मंडळात गावं पुष्कळ असतात. दरीत केंद्र बसवत नाहीत, आणि बसवलं तर त्याची नोंद बाकीच्या गावांना उपयोगाची नाही. शिवाय तापमान मोजतात ते जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर, सावलीत. मोकळ्या रात्री अगदी जमिनीलगत त्यापेक्षा बरंच गार असतं. आपला फुलातला हरभरा कुठे उभा असतो? आणि तंबूत माणूस कुठे झोपतो? दोघंही जमिनीलाच.

यंत्राशिवायही ओळख पटते. संध्याकाळी शेकोटीचा धूर बघा. तो सरळ वर न जाता थोडा चढून आडवा पसरला आणि ओढ्यावर पट्ट्यासारखा थांबला, तर खाली गार हवा साचू लागली असं समजावं. त्या रात्री खालच्या रानातल्या पिकाला सायंकाळी हलकं पाणी द्यावं, ओली जमीन ऊब धरून ठेवते. अशा निवांत पहाटे तणनाशक मात्र फवारू नये. बारीक थेंब खाली न बसता हवेत तरंगत शेजाऱ्याच्या पिकावर जातात आणि मग बांधावरचं भांडण आमच्या कार्यालयात येतं.

वारा फिरला की चित्र बदलतं. उत्तरेचा कोरडा वारा थांबून पूर्व-आग्नेयेकडून दमट हवा आली की आभाळ येतं, रात्रीची थंडी कमी होते, धुई पडते. पाहुण्याला बरं वाटतं, पण ज्वारीवर मावा आणि हरभऱ्यावर घाटेअळी बघायचे हेच दिवस. आणि फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट कोण विसरलंय? माळावर भर दुपारी गारपिटीत सापडलेल्या माणसाला आडोसा नसतो, आणि दरीत थांबलेल्याच्या डोक्यावर सुटे दगड असतात. वरच्या अंगाला पाऊस झाला तर खालच्या पात्रात पाणी वाढतं, हे वेगळं सांगायला नको.

काही घडलं तर आधी पोचणार गावकरीच. दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. भिजून गारठलेला माणूस थरथरायचा थांबला आणि बरळायला लागला तर तो सुधारला असं समजू नये, तेव्हाच खरा धोका असतो. ओले कपडे काढावेत, कोरड्या घोंगडीत गुंडाळावं, शुद्धीवर असेल तर गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, जाळाशी एकदम नेऊ नये, दारू तर अजिबात देऊ नये. १०८ ला फोन करावा. दारं धरताना ओलाचिंब झालेल्या आपल्या माणसालाही हेच लागू आहे. कपिलधारला कार्तिक पौर्णिमेला पायी येणारी म्हातारी माणसं घोंगडी काखेत मारूनच निघतात, पोरांनी निदान तेवढं शिकावं.

जाळाचं दुसरंही एक आहे. जानेवारीत माळावरचं कुसळी गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि दुपारी वारा सुटतो. पाहुण्यांनी सकाळी अर्धवट विझवलेली शेकोटी दुपारी वणवा होते. कडब्याची गंज जळाली तर भरपाई कोणाकडे मागायची? कोणाकडेच नाही. म्हणून शेकोटी पाणी ओतून, राखेत हात घालता येईल इतकी गार करूनच सोडायची, हे गावानं ठणकावून सांगावं.

खरं तर काम फार मोठं नाही. एक साधा कमाल-किमान तापमापक वर पायऱ्यांपाशी, दुसरा खाली देवळाजवळ, दोन्ही सावलीत आणि एकाच उंचीवर. रोज सकाळी दोन आकडे फळ्यावर लिहायचे, सोबत तळावरून ऊन किती वाजता जातं तेही. पाहुण्याला खाली उतरायचं की नाही ते कळेल आणि खालच्या रानवाल्याला पाणी कधी द्यायचं तेही. पण वनखातं म्हणतं हे पंचायतीचं, पंचायत म्हणते पर्यटनवाल्यांचं, आणि आम्ही कृषीवाले म्हणतो आमचं काम पिकापुरतं. एखाद्या ग्रामपंचायतीनं या हंगामात ठराव घेतला तर तापमापक कुठे नि कसा टांगायचा ते दाखवायला मी रविवारीसुद्धा येईन.