उतरलेल्या वस्त्रांची पारख

हर्णे बंदरावर सुरमईचा कल्ला उचलून पाहिल्याखेरीज बोली न लावणारे चोखंदळ गिऱ्हाईक जुन्या कपड्यांच्या ढिगापुढे मात्र आपली सारी चिकित्सा गुंडाळून ठेवते, याचे आम्हांस नवल वाटते. वस्तुतः हा व्यवहार आपणांस अपरिचित नाही. जुन्या लुगड्यांच्या मोबदल्यात स्टीलचे पातेले देणारी, आणि त्यासाठी तासभर हुज्जत घालणारी बोहारीण कोणाला ठाऊक नाही? इंग्लंडात धर्मादाय संस्था असाच माल रीतसर दुकाने मांडून विकतात, तर आपल्याकडे अंशू गुप्ता यांनी १९९९ साली स्थापिलेल्या ‘गूंज’ या संस्थेने तो गावकऱ्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून देण्याचा पायंडा पाडला.

पारख करणाऱ्याने वस्त्र प्रथम उलटे करावे. शिवणीत माया किती राखली आहे, काखेत व कॉलरच्या घडीवर सूत विरले आहे काय, हे उजेडासमोर धरून पाहावे, आणि खाऱ्या वाऱ्याच्या या मुलखात हुकांचा व चेनचा गंज विशेषेकरून तपासावा. सढळ माया सोडलेला झगा उसवून धाकटीचा थोरलीलाही होतो. निव्वळ छाप पाहून घेतलेल्या सदऱ्याविषयी न बोललेले बरे.

उतरलेले वस्त्र नेसण्याची कित्येकांना लाज वाटते; पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्यातील घरांची छपरे उडविली, तेव्हा ज्यांचे कपडेलत्ते भिजून गेले, त्यांना परक्याचे वस्त्र नेसण्यात लाज कसली? लाज असलीच, तर ती फाटके-मळके देणाऱ्यास असावी. सबब वाचकांस विनंती, की कपडे धुऊन, तुटल्या गुंड्या लावून, मगच ते दुसऱ्याच्या हवाली करावेत.